भूकंपाच्या आधी, दुष्काळाच्या नंतर

आमच्या आज्जीला सन-तारीख ठाऊक नव्हती, पण तिचा हिशेब कधी चुकला नाही. तिचं लग्न मानमोडीच्या आदल्या साली. थोरल्या आत्याचं लग्न पत्री सरकारात. माझ्या आईवडिलांचं जळीतानंतर दोन वर्षांनी. धाकट्या भावाचं बारसं भूकंपाच्या हिवाळ्यात, आणि गोठ्यातली म्हैस गेली ती दुष्काळात. माणसाचं वय विचारलं तर ती आधी बोटं मोडायची, मग म्हणायची, "भूकंपात ह्यो रांगत हुता, म्हंजी बग आता." आणि तेवढ्यावर लग्नं जमायची.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. पत्री सरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, १९४३ ते १९४६. जळीत १९४८ चं. भूकंप कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. दुष्काळ अर्थात बहात्तरचा. मी पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला, फळ्यावर सनावळ्या लिहिल्या, मुलांकडून पाठ करून घेतल्या; पण आमच्या गावाचा इतिहास माझ्या डोक्यात अजून आज्जीच्याच क्रमानं लागलेला आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, येरळेच्या काठापासून थोडं आत. तालुक्याचं ठिकाण विटा. माळरान, कुसळं, हुलगा-मटकीची रानं आणि मनात आलं तर येणारा पाऊस. आता टेंभूच्या योजनेचं पाणी आलंय आणि बांधाबांधानं ऊस दिसतो, पण मी सांगते ती गोष्ट त्याच्या आधीची. रान पोट भरत नव्हतं म्हणून माणसं बाहेर पडली. काही मुंबईला गिरणीत गेली, काही फौजेत. आणि बरीच गेली गलाईला. हा धंदा आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागाचाच. सराफाच्या पेढीतलं मोडीचं सोनं-चांदी मुशीत घालून गाळायचं, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं. भट्टीजवळ बसून बसून छातीत धूर जायचा. आमच्या भागातली ही माणसं केरळपासून काश्मीरपर्यंत आणि थेट नेपाळातही पोचली. घरात मराठी, दुकानात तमिळ नाहीतर तेलुगू, आणि जत्रेला गावी आली की तालमीतल्या दोस्ताशी परत इथलंच "आरं कुटं हाईस?"

तर गावातल्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला. पैसा मुख्यतः गलाईवाल्यांचा. समारंभाला एक स्मरणिका काढली, जाड आर्ट पेपरवर. देणगीदारांची यादी होती, फोटो होते, शुभेच्छांची पानं होती. 'आमचे गाव' या मथळ्याखाली अर्धं पान. त्यात लिहिलं होतं की गावाला प्राचीन इतिहास आहे. पुढं काही नाही. ती स्मरणिका हातात घेऊन कोइमतूरचा एक मुलगा माझ्याकडं आला. त्याचा पणजा गावातून गेलेला, आजा तिकडंच वारलेला. मुलगा मराठी बोलतो ते जरा अडखळत, पण गोड. म्हणाला, "बाई, आमचं घर कुठं होतं?" मी त्याला घेऊन वरच्या आळीला गेले. चार म्हाताऱ्यांनी चार जागा दाखवल्या. संध्याकाळपर्यंत त्यातली एक पक्की झाली, ती एका उखळामुळं. "त्येच्या पणजीचं उखळ हिथं पुरल्यालं हुतं, मी मिरच्या कुटल्यात त्यात," असं एक आक्का म्हणाली आणि पायानं माती बाजूला केली. उखळ तिथंच होतं. ते पोरगं त्या उखळापाशी बसून राहिलं.

त्या दिवसापासून आम्ही हे काम धरलं. आम्ही म्हणजे निवृत्त झालेली मी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी, गावचा शिंपी, ग्रामपंचायतीतला एक कारकून आणि जमेल तशी चार-दोन पोरं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. रविवारी जेवणं उरकली की एका घरी जायचं, मोबाईल मधे ठेवायचा, वही उघडायची आणि ऐकायचं. कुणाला पैसे नाहीत. चहा मात्र प्रत्येक घरी, आणि तो नाकारलेला चालत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळायचे, हे मी शाळेत दरवर्षी सांगत आले. माळ्यावरच्या, अडगळीतल्या, उंदरांनी कुरतडलेल्या कागदांतून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी केली. पहिला खंड १८९८ चा, आणि पुढं खंड झाले बावीस. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघालं ते त्यांच्याच ध्यासातून. त्यांचं नाव घेताना आजही माझा हात कानाच्या पाळीला जातो. पण राजवाड्यांना निदान कागद होते. आमच्या गावात कागद का उरले नाहीत ते पुढं येईलच. आमच्याकडं आहेत ती माणसं, आणि ती दर पावसाळ्याला कमी होतात.

म्हाताऱ्या माणसाला "गावाचा इतिहास सांगा" असं विचारलं की ते सरसावून बसतं, टोपी नीट करतं आणि शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतं. यात वावगं काही नाही. बाणूरगड आमच्याच तालुक्यातला, बहिर्जी नाईकांची समाधी तिथं दाखवतात, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक घराला वाटतं की आपला कुणीतरी त्यांच्या हेरांत होता. ते ऐकून घ्यायचं. मग हळूच विचारायचं, "आबा, तुमच्या लहानपणी सकाळी काय खायचा?" इथून गाव खरं उघडायला लागतं.

सकाळी माडगं. हुलगे भाजायचे, जात्यावर दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून चुलीवर शिजवायचं, असला तर गूळ, असली तर सुंठ. थंडीत वाटीभर माडगं प्यायलं की दुपारपर्यंत मोट हाकता यायची, असं आबा सांगतात. आमच्या आज्जीचं माडगं गुळाचं असायचं आणि वर ती दोन थेंब तूप सोडायची, पण फक्त मुलग्यांच्या वाटीत. मला तूप नाही म्हणून मी रुसले की तिच्या स्वतःच्या वाटीतलं गुळाचं ढेकूळ माझ्याकडं सरकायचं. दुपारी भाकरी आणि कोरड्यास, रात्री ताककण्या. गहू सणाला. भात पाव्हणा आला तर. आणि पेवात ज्वारी किती आहे हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असायचं. आमच्याकडं ते आज्जीला ठाऊक होतं. पेव उघडताना ती आधी कंदील सोडायची, आत विषारी वारा साठलेला असतो म्हणून. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. ही गोष्ट मी वहीत लिहिली तेव्हा आमच्यातल्या पोरांनी विचारलं, पेव म्हणजे काय? मग एका परड्यातलं बुजलेलं पेव आम्ही जाऊन बघितलं. त्याच्या तोंडावर आता मोटारसायकल उभी असते.

बहात्तरचा दुष्काळ मी स्वतः बघितला. बारा वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, हाताला चिंध्या गुंडाळून. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी तव्यावरून काढताना मोडायची आणि पोटात गेली की दगडासारखी बसायची. शाळेत सुकडी. सुकडीचा वास आठवला तरी माझ्या वयाच्या माणसांचे डोळे वेगळे होतात, कारण ती गोड होती आणि त्या वर्षी दुसरं गोड काही नव्हतं. वडील तेव्हा म्हैस घेऊन चाऱ्यासाठी कृष्णाकाठाला गेले आणि नुसतं दावं घेऊन परतले. म्हैस मेली की विकली, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. आई म्हणायची विकली. आत्या म्हणते, वाटेतच गेली आणि दादानं वहिनीला खोटं सांगितलं. वहीत आम्ही दोन्ही लिहिलंय. सरकारनं पुढं कायदा करून रोजगार हमी आणली, आणि तिच्या मागं ज्यांचा विचार होता ते वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, विसापूरचे. हे सांगितलं की आबा मान हलवतात आणि म्हणतात, "त्येंनी बघितल्यालं हुतं, म्हणून सुचलं."

भूकंपाचं मात्र माझं मला नीट उमगत नाही. मी सात वर्षांची. पहाट, अंधार, उतरंड ढासळल्याचा आवाज, आज्जीनं मला काखोटीला मारून अंगणात आणलेलं आणि ओरडलेली, "भुई फिरली गं." हे मला खरंच आठवतं, की ती पुढं वीस वर्षं सांगत राहिली म्हणून आठवतं, ते आता वेगळं काढता येत नाही. बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी अशाच असतात. त्यांत त्यांच्या आयांचाही आवाज मिसळलेला असतो. म्हणून आमच्या वहीत एक रकाना आहे, 'पाहिलं की ऐकलं'. सांगणाऱ्याला ते विचारायचं. राग येत नाही कुणाला. उलट विचार करून सांगतात.

पत्री सरकारच्या गोष्टी तर प्रत्येक घरात. आमचा तालुका इंग्रजी मुलखात, खालसातला, आणि कुंडल औंध संस्थानात. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ सालीच रयतेच्या हाती कारभार दिलेला. त्यामुळं खालसात शोध सुरू झाला की कार्यकर्ते हद्द ओलांडून संस्थानात जायचे. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली गेली, ती याच माणसांनी. हे पुस्तकांत आहे. पुस्तकांत जे कमी आहे ते आमच्या थोरल्या आत्याकडं आहे. ती पंच्याण्णवीच्या पुढं गेलीय, दात नाहीत, कान तिखट. ती सांगते, "रातीच्याला कडी वाजायची न्हाई, दाराव नख घासायचं कुनीतरी. आयनं न बोलता चूल पेटवायची. आमी पोरींनी भाकरी थापायच्या. किती मानसं हाईत ते इचारायचं न्हाई. आय हातानं दाखवायची, पाच बोटं, धा बोटं." आज्जी म्हणायची एका रात्रीत चार पायल्यांचं पीठ संपलं, आत्या म्हणते दोन. पण दोघींचं एका गोष्टीवर एकमत: त्या भाकरीबरोबर आमच्या घरातून कायम हुलग्याचं पिठलं जायचं, कारण दुसरं काही नसायचं.

आत्याचं लग्न गांधी पद्धतीनं झालं. प्रतिसरकारनं खर्चिक लग्नं बंद करायची मोहीम काढली होती. गावागावांत न्यायदान मंडळं बसत, दारू आणि सावकारी यांना धाक बसला होता, आणि एका मांडवात पाच-सहा लग्नं हार घालून उरकत. वरात नाही, मानपान नाही, पंगत नाही. आत्याच्या लग्नात पाव्हण्यांना गूळपाणी दिलं. आम्ही मोठ्या कौतुकानं तिला विचारलं, क्रांतीच्या काळातलं लग्न, काय वाटलं तेव्हा? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला घोड्यावरची वरात बघायची हुती." मग थोड्या वेळानं, "पर आबांची जमीन वाचली. माज्या बहिनीच्या लग्नात गहान पडली हुती ती." ही दोन वाक्यं मला प्रतिसरकारावरच्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त मोलाची वाटतात, आणि ती आत्याच्या आवाजात जपून ठेवलेली आहेत याचा मला फार आनंद आहे.

आता कागदांचं सांगते.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण, ही बातमी पोचली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली ती याच दिवसांवर. ते आमच्या शेजारच्या माणदेशाचे. आमच्या गावातही कुलकर्ण्यांचा वाडा जळला. आणि वाड्याबरोबर गावाचं दप्तर जळलं. कुळकर्णी म्हणजे गावचा लेखनिक. वतनं पुढं कायद्यानं गेली, पण तोवर पिढ्यान्‌पिढ्यांचे मोडीतले रुमाल त्या घरातच बांधलेले. जमिनीचे, बलुत्याचे, भांडणांचे, दुष्काळाचे कागद. आज्जी म्हणायची, जळकी पानं दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणापर्यंत उडत आली होती.

हा विषय निघाला की गाव गप्प होतं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. माणसं बाहेरगावाहून आली होती, असं प्रत्येक गावात सांगतात. आमच्याही गावात सांगतात. आम्ही कुणाला खोदून विचारलं नाही. एका रविवारी एक आजोबा, नव्वदी पार केलेले, दुसरंच काहीतरी सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "म्या हुतो त्यात. पोरगं हुतो. मला डबा धराय दिल्ता." मोबाईल चालू होता. मी तो बंद करायला हात पुढं केला तर त्यांनीच थांबवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लिवा. माजं नाव घालू नका, माझ्या नातवंडांना ह्या गावात ऱ्हायाचं हाय. पर लिवा. कुळकर्नी गुरुजींनी मला बाराखडी शिकवली हुती." आम्ही लिहिलं. नाव घातलं नाही, आणि घालणार नाही. गावाचा इतिहास जपायचा म्हणजे फक्त तालमीतले पैलवान आणि जत्रेतल्या पालख्या जपायच्या, असं मला वाटत नाही. ती रात्रही आपलीच आहे.

त्या रात्री कुलकर्णी काकू आणि त्यांच्या लेकी आमच्या परड्यात कडब्याच्या गंजीमागं बसून होत्या. हे आज्जीनं मला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. त्या घरातली माणसं पुढं पुण्याला गेली. त्यांची एक नात मला पुण्यात भेटली. वयानं माझ्याएवढीच. चहा झाला, पोहे झाले, आणि ती आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आली. काकूंनी गाव सोडताना देव आणि हाताला लागला तो एक रुमाल एवढंच उचललं होतं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. सत्तर-पंचाहत्तर वर्षं तो देवघराखाली होता आणि घरातल्या कुणालाच मोडी येत नव्हती. तिनं पेटी उघडली. आमच्या गावाबद्दल एकही कडू शब्द ती बोलली नाही, फक्त विचारलं, "चिंचेचं झाड आहे का अजून, वाड्यामागचं?" आहे, असं सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि मी पण.

कागद तिच्याकडंच आहेत, आम्ही फक्त फोटो काढून आणले. मोडी शिकलेला एक तरुण मुलगा ते वाचून देतो, तोही फुकट. एका कागदावर बलुत्याची यादी निघाली: सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, कुणाला खळ्यावर किती धान्य. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त, १९१५ सालच्या, ही सगळी व्यवस्था सविस्तर वाचायला मिळते. पण आपल्याच गावातली नावं वाचताना अंगावर काटा येतो.

ती यादी घेऊन आम्ही बौद्धवस्तीत गेलो. तिथल्या आजींकडं आम्ही आधीही गेलो होतो. पहिल्या भेटीत त्या फार बोलल्या नव्हत्या. "तुमच्या गावाचा इतिहास तुमच्यापाशी, आमचा आमच्यापाशी," एवढंच म्हणाल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. त्यांचा पाणवठा वेगळा, त्यांना वेशीच्या आत यायची वेळ ठरलेली, येसकरपाळीचं काम डोक्यावर. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या सासऱ्यांनी ती कामं टाकली तेव्हा गावानं काय केलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि न सांगताही कळलं. या खेपेला यादी वाचली. त्यात त्यांच्या नातवाला घराण्यातलं एक नाव सापडलं, त्याच्या खापरपणजाचं असावं असं. मग आजी बोलायला लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या म्हाताऱ्या भाकरीचं लई सांगत्यात. थापल्या त्येनी. पर रातच्या अंधारात वड्यानं त्या भाकरी घिऊन कोन जात हुतं, ते इचारलं का कवा?" त्यांचा सासरा जात होता. येसकराला रात्री-अपरात्री वेशीवर कुणी हटकत नसे. घोंगडीखाली भाकरीचं गाठोडं, हातात काठी. प्रतिसरकारातला हा माणूस कुठल्याही फलकावर नाही. आमच्या वहीत आता आहे, नावासकट, कारण आजींनी नाव घालाच म्हणून सांगितलं.

बाकी लहान-मोठं पुष्कळ आहे. मारुतीमागचा वीरगळ, ज्याच्यावर पोरं बसून गप्पा मारायची. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. पोरांना अर्थ सांगितल्यापासून तिथं कुणी बसत नाही, उलट उन्हाळ्यात पाणी घालून धुतात. सुगी झाली की बैल घेऊन येणारे हेळवी, ज्यांच्या वह्यांत घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात; आज्जी त्यांना सूपभर ज्वारी घालायची आणि दारातच वंशावळ ऐकायची. आता ते क्वचित येतात. गिरणीच्या संपात, १९८२ साली, मुंबईहून परत आलेली माणसं. त्यांच्यातल्याच काहींनी पुढं मुक्ती संघर्षाच्या चळवळीत भाग घेतला आणि येरळेतली वाळू विकून बळवडी-तांदुळवाडीजवळ लोकांनी लोकांचं बळीराजा धरण बांधलं, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा देऊन. जुने दस्त पाहिले तर आधी 'जिल्हा सातारा', १९४९ नंतर 'दक्षिण सातारा', १९६० नंतर 'सांगली'. आमच्या वडिलांनी घर कधी बदललं नाही, जिल्हे मात्र तीन बघितले.

ओव्यांचं थोडं जास्त सांगितलं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतून. ते काम मला ठाऊक झालं तेव्हा वाटलं, आपल्या आळीतल्या बायकांच्या निदान शंभर तरी उतरवून घ्याव्यात. आत्याला "ओवी म्हण" म्हटलं तर येईना. काही केल्या आठवेना. मग शिंप्याच्या घरचं जुनं जातं आणलं, दोघींनी खुंटा धरला, मूठभर जोंधळे घातले, आणि जातं फिरायला लागलं तशी ती गायला लागली. भावाची, आईची, माहेरच्या वाटेची, आणि एक नाना पाटलांची. हात थांबला की ओवीही थांबायची. मानमोडीवरचीही एक होती, आज्जीच्या सासूची. त्या साथीत आज्जीच्या सासरचे तीन दीर आठ दिवसांत गेले. एकाला पोचवून यावं तर घरात दुसरा. आज्जी तेव्हा बारा-तेरा वर्षांची नवी सून. तिनं ती ओवी सासूच्या तोंडून ऐकली, आत्यानं तिच्या, आणि आता ती कोइमतूरच्या त्या मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. त्याला सगळे शब्द कळत नाहीत. तो आम्हाला एकेका शब्दाचा अर्थ विचारत असतो, रात्री दुकान बंद झाल्यावर.

जमवलेलं सगळं आम्ही एका जागी ठेवत नाही. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, एक पुण्याच्या त्या नातीकडं, आणि गलाईवाल्यांमुळं काही प्रती कुठं कुठं, मदुराईला, लखनौला. एकाच रुमालात बांधलेलं दप्तर एका रात्रीत जातं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. कुणी सांगितलेलं बदलत नाही. दोन माणसांच्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवतो. "हे छापू नका" म्हटलं तर छापत नाही. फोटोमागं नाव लिहितो, पेन्सिलीनं, कारण नाव नसलेले फोटो घरोघरी पडले आहेत आणि ती माणसं आता कुणीच ओळखत नाही.

आमच्या यादीतली कितीतरी माणसं अजून ऐकायची आहेत. त्यात एक लोहारकाका आहेत, ज्यांनी मोटेची चाकं बनवली; एक मावशी आहेत, ज्या तमाशाच्या फडात होत्या आणि ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नाही. वेळ त्यांना आहे. आम्हालाच रविवार पुरत नाहीत.

तुमच्याही गावात, नात्यात, आळीत अशी माणसं असतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा जत्रेला गावी जाल तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. मोबाईल मधे ठेवा आणि तो चालू आहे हे त्यांना सांगा. लहानपणी सकाळी काय खायचात, एवढंच आधी विचारा. मग मधे बोलू नका. जाताना नाव, गाव, तारीख लिहून ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी त्याची एक प्रत द्या. वस्तीच्या ज्या बाजूला तुमच्या घरची माणसं कधी गेली नाहीत, तिथंही जा. सुट्टी लांब असेल तर वाट बघू नका. येत्या रविवारीच जा.